साडूची फळी आणि चंदेरी दार

माझ्या साडूइतका वाकून, बसून, प्रसंगी आडवं होऊन वस्तूंकडे पाहणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात झाला नाही. सरळ उभं राहून पाहणं त्याला कमीपणाचं वाटे. सिरोंच्याला, आमच्या सासुरवाडीला, गोदावरीचा मासा आला की सगळे तो कसा करायचा ते ठरवत. हा मात्र तो मासा उजेडात वळवत बसे. "भाऊ, पहा नं, समोरून चांदी आन् बाजूनं निळा!" म्हणत माशाचं पोट माझ्या नाकाशी आणी. चूल पेटलेली असायची, पण सासूबाई "जावई पाहून राह्यले" म्हणून थांबत. माझ्यासाठी त्या कधी थांबल्या नाहीत.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मोटारींना रंग देण्याच्या धंद्यात मी त्याच्या दहा वर्षं आधीचा. पण त्याने एक अर्धगोल फळी केली होती, तिच्यावर कोनांच्या खुणा आणि खिळ्याभोवती फिरणारी पत्र्याची नळी. नळीतून रंग पाहायचा, फिकट ते गडद अशा राखी पट्ट्यांशी ताडायचा आणि त्या कोनाचा आकडा वहीत लिहायचा. "चमकीचा रंग एक नसते भाऊ," धातूची बारीक पूड मिसळलेल्या रंगाबद्दल तो म्हणे, "तुमी जिथून पाहाल तिथून दुसरा." मी हसायचो. घरी मात्र बायको विचारी, "धाकटीचे मालक मोजून करतात. तुमी काऊन नाई मोजत?" मग मला जेवण गोड लागत नसे.

एकदा एका लाकूड-ठेकेदाराची चंदेरी विलायती मोटार आलापल्लीच्या रस्त्यावर सांबराला धडकली. दार ठोकून झाल्यावर रंगाचं काम माझ्याकडे आलं. मी रंग असा जुळवला की ठेकेदार समोर उभे राहून वाहवा म्हणाले. तेवढ्यात त्यांची बायको बाजूला सरकली.

"अहो, इथून त दार काळं दिसून राह्यलं!"

खरंच दिसत होतं. ठेकेदारांनी तिथल्या तिथे साडूला बोलावलं. त्याने पाच कोनांतून आकडे घेतले आणि म्हणाला, "भाऊचा रंग बरोबर आहे. फवारा जरा लांबून बसला, चमकी सपाट पडली, म्हणून बाजूनं काळा. करून देतो."

तो माझी बाजू सावरत होता, आणि तेच मला सहन झालं नाही. तो जेवायला गेल्यावर मी फळीचा खिळा बोटभर सरकवून ठेवला, म्हणजे नळीचे सगळे कोन चुकावेत.

त्याने दुपारी पुन्हा आकडे घेऊन रंग केला. दुसऱ्या दिवशी दार पहिल्यापेक्षा वाईट दिसलं. ठेकेदार भडकले. साडू मान खाली घालून म्हणाला, "माझ्या मापातच चूक झाली." मला आनंद व्हायला हवा होता. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं, "खिळा मी हलवला."

"मालूम आहे," तो म्हणाला. "दार झाल्यावर दिसलं. खिळ्यावर तुमच्या बोटाचा चंदेरी ठसा होता."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तुमचं नाव गेलं असतं, भाऊ. माझं त अजून झालंच नाई."

त्याच्या डोळ्याचा हेवा मी आजवर करत आलो होतो. आता त्याच्या मनाचाही करावा लागणार होता. पुढचे दोन दिवस आम्ही मिळून काम केलं. त्याने मोजलं, मी जवळून फवारा मारला. ठेकेदारांच्या बायकोने मोटारीला तीन फेऱ्या घातल्या आणि विचारलं, "कोनतं दार होतं?"

"भाऊनं केलं," साडू लगेच म्हणाला. तेव्हाही मला थोडा रागच आला.

दोन वर्षांनी नागपूरच्या एका मोठ्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात त्याला बोलावणं आलं. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. "येतो भाऊ," म्हणून तो पाया पडला. थांब म्हणावंसं वाटलं, पण मी त्याची पेटी बसच्या टपावर चढवून दिली. बस गेली. मी दुकान उघडलं, रंगाचा डबा समोर घेतला, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं झाकण काढलं नाही.