जांभळी झालेली लिंक

“आधी कुणाला ते सांगा सर, मग काय ते सांगा,” असं म्हणताना ती बोट वर धरायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी राहुरीत मी वेबपेजं बनवायचं छोटं ऑफिस काढलं होतं. ती शेवगावची, पॉलिटेक्निक झालेली, माझ्याकडे कामाला. ऑफिसात आम्ही दोघंच.

सिलेक्टर, म्हणजे पानावरच्या कुठल्या भागाला रंग द्यायचा ते सांगणारा शब्द, तिनंच मला समजावला. “‘चहा आणा’ म्हणलं तर कुनीच उठत न्हाई. ‘दाराजवळ बसलाय त्यानं आणा’ म्हणलं की तोच उठतो. रंगाचं बी तसंच.” मग स्युडो-क्लास, म्हणजे त्याच भागाची वेगवेगळी अवस्था: “लिंक तीच. माऊस नेला की एक रंग, जाऊन आलं की दुसरा. पोरगी न्हाई का, माहेरी एक अन् सासरी एक?” आणि स्वतःच हसायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आधी त्यांच्या हुशारीचं कौतुक वाटतं, मग धाक. नगरला आमच्यासारखंच दुसरं ऑफिस निघालं, आणि ती फोनवर हळू बोलली तरी पलीकडं तिकडचाच माणूस असावा असं मला वाटू लागलं. एका दुपारी ती जेवायला गेल्यावर मी तिच्याच कम्प्युटरवर त्या ऑफिसचा पत्ता टाइप केला आणि त्यांचं काम चोरून पाहिलं.

पुढं एकदा तिनं आपल्या कम्प्युटरवर जिल्ह्यातल्या वेबसाइटांचं आमचं पान उघडलं. त्यात त्या ऑफिसची लिंक जांभळी. म्हणजे कुणीतरी जाऊन आलेलं. मी तर त्या लिंकला हातही लावला नव्हता.

“तिकडं काय काम होतं तुझं?”

“मी न्हाई गेले, सर. अन् लिंक दाबायलाच पायजे असं न्हाई. पत्ता टाइप करून गेलं तरी रंग बदलतो.”

“उत्तरं बरी तयार असतात गं तुझी! इथं दुसरं बसतं कोण?”

तिनं ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली आणि ती नोकरी सोडून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी एक वेबसाइट पत्ता टाइप करून उघडली. आमच्या पानावरची त्या वेबसाइटची लिंक न दाबताच जांभळी झाली. तरी मी तिला निरोप धाडला नाही. नगरच्या त्याच ऑफिसातून फोन आला, “नोकरीला अर्ज आलाय, मुलगी कशी आहे?” मी म्हणालो, “जरा सांभाळून.” त्यांनी तिला घेतलं नाही.

चोरून पाहणारा मी होतो. ती नव्हे.

नंतर ती एकदाच दिसली, एसटी स्टँडवर. मला पाहून तिनं पिशवी मांडीवर घेतली, बाकावर जागा केली. “बसा ना, सर.”

शेवगावची गाडी सुटेपर्यंत मी तिच्याकडे पाठ करून वेळापत्रक वाचत उभा राहिलो.