बेसबॉलच्या सरांचा बारावा महिना

थांबा थांबा, बाकी सगळं बाजूले ठेवा आणि आधी हे वाचा! आत्ताच सत्काराच्या मंडपातून घरी आली. आई जेवायले बोलावून राह्यली, पण हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही ना, तर घास उतरणार नाही.

तर सोमवारी सकाळी मुजीब सर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राह्यले.

"गौरी मॅडम, एक एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट पाहिजे होतं."

मी हातातली फाईल बंद केली. काहून, ते सांगते. मी एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात आस्थापनेचं टेबल पाहते. आस्थापना म्हणजे माणसाची नोकरी जिथं सुरू होते आणि जिथं संपते ते टेबल. ऑर्डर, रजा, सर्विस बुक, सगळं माझ्याकडे. आणि या टेबलाले एक गोष्ट लवकर कळते. रजा मागणारा माणूस परत येतो. एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट मागणारा चालला असतो.

मुजीब सर आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बेसबॉल टीमचे कोच. हो, बेसबॉल. यवतमाळ जिल्ह्यात. हसू नका! एक पोरगी बॉल फेकते, तिले पिचर म्हणतात. दुसरी गोल बॅटनं मारते आणि पळत सुटते. चार बेस फिरून परत आली की एक रन. आमच्या पोरी झरी जामणीकडच्या गावांतून, फुलसावंगीहून, बाभुळगावच्या आजूबाजूहून येतात, हॉस्टेलवर राहतात आणि युनिव्हर्सिटीत मोठमोठ्या शहरांच्या कॉलेजांले धूळ चारतात. यंदाही कप आमचाच. सर आल्यापासून कप दुसरीकडे गेलाच नाही.

आणि या माणसाले पगार किती? पगारच नाही! कारण कोचची पोस्टच नाही. टूर्नामेंटच्या आधी कॅम्प लागतो, तेवढ्या दिवसांचं मानधन. बाकी वर्षभर सर रोज सकाळी ग्राउंडवर येतात ते असेच. दुपारी बस स्टँडच्या मागं अब्बांच्या दुकानात मोटर वाइंडिंग करतात. पंपाची, कूलरची जळालेली मोटर उघडून नवी तार भरायची, हे काम.

"कुठं चालले सर?" मी सरळच विचारलं.

"पुण्याकडं एक अकादमी आहे. क्वार्टर देऊन राह्यले. रविवारपर्यंत हो-नाही सांगायचं आहे."

"पैसे जास्त आहेत?"

सर हसले. "जास्त तर आहेतच. पण मॅडम, तिथं बारा महिने आहेत. इथं कॅम्प संपला की मी कोच आहे की नाही, हेच मले माहीत नसते. आता दोन ठिकाणी मुलगी पाहायले गेलतो. मुलीचे मामू विचारतात, 'लडका करता क्या है?' अब्बा सांगतात, 'कॅम्प लगा तो कोच, नही तो वाइंडिंग.' पुढं चहा पण येत नाही."

"पण सर, आपलं कॉलेज तुमचा केवढा मान करते!"

"करते ना. दरसाल सत्कार करते. शाली इतक्या झाल्या की अम्मीनं त्याच्या गोधड्या शिवल्या."

हे बोलून सर गेले. मी सर्टिफिकेट टाईप केलंच नाही.

मी उठून डवले काकांकडे गेली. काका आमचे हेडक्लार्क, रिटायर व्हायले आले.

"काका, मुजीब सर चालले."

"जाऊ दे बापा. चांगला माणूस टिकत नसते."

"टिकवायचा नाही का मग?"

"पोरी, पोस्ट नाही तिथं पगार कायचा देतं? मुकाट्यानं सर्टिफिकेट दे आणि पुढची फाईल घे."

पुढची फाईल घेतली असती तर हे लिहायची वेळच आली नसती. मी गेली थेट भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब म्हणजे संस्थेचे सेक्रेटरी. दिलदार माणूस, पण त्यांची दिलदारी स्टेजवर जास्त खुलते. केबिनमध्ये त्यांच्या टेबलावर तीन फेटे मांडलेले.

"ये गौरी, बरी आली. मुजीबले कोणता शोभंल? केशरी की हा मोरपंखी? शनिवारी जंगी सत्कार ठेवला. बँड, जेवण, सगळं. यंदा पदवी देऊन राह्यलो त्याले. 'क्रीडामहर्षी'! बॅनर छापायले गेलं."

"भाऊसाहेब, महर्षी पुण्याले चालले."

मी सगळं सांगितलं. बारा महिने राबतात, कॅम्पपुरते पैसे मिळतात, हे बरोबर नाही, असं अगदी जोरात सांगितलं. भाऊसाहेबांनी मोरपंखी फेटा खाली ठेवला.

"गौरी, खेळ म्हणजे भक्ती. भक्तीले पगार लावला की भक्ती जाते."

"संस्थेच्या मंदिरातल्या पुजाऱ्याले तर तुम्हीच पगार देता, भाऊसाहेब."

"तोंड लय चालते तुह्यं. अन् मी याले दिला तर उद्या कबड्डीवाला मागंल, परवा खो-खोवाला. कोणाकोणाले देऊ? जा, मी त्याच्याशी बोलतो. अजून मोठा सत्कार करू."

अजून मोठा सत्कार! माणूस घरदार सोडून चालला, आणि आमचा उपाय काय, तर हार जाड करा. बाहेर येऊन मी रागानं दोन चहा प्याली.

आता ऐका, खरी मजा इथून सुरू होते. त्याच आठवड्यात माझं वर्कलोडचं काम चालू होतं. वर्कलोड म्हणजे कोणत्या प्राध्यापकाले आठवड्यात किती तास शिकवायचं आहे त्याचा हिशोब. तास मुलांच्या संख्येवर ठरतात. मुलं कमी झाली की तास कमी, आणि तास फार कमी झाले की प्राध्यापक सरप्लस. सरप्लस म्हणजे इथं तुम्ही जास्तीचे झाले, सरकार पाठवील त्या कॉलेजात जा. हा शब्द ऐकला की आमच्या स्टाफरूममध्ये पंख्याचाही आवाज बंद होते.

पुढच्या वर्षीचा अंदाज घ्यायले मी विषयाविषयाप्रमाणं फिरत होती. मंगळवारी पोहोचली गृहअर्थशास्त्राच्या माधुरी मॅडमकडे. स्वयंपाक, आहार, शिवण, घर कसं चालवायचं, असा तो विषय. वर्गात पाह्यलं तर अर्ध्याच्या वर पोरी बेसबॉलच्या! आणि माधुरी मॅडम कोण? भाऊसाहेबांच्या सूनबाई.

मले तर उडीच मारावी वाटली. पण तोंड शक्य तितकं सरळ ठेवलं.

"मॅडम, पुढच्या वर्षाच्या अंदाजात बेसबॉलच्या पोरी धरू की नको?"

"म्हणजे? त्या कुठं चालल्या?"

"त्या नाही. त्यांचे सर चालले."

मॅडमनं चष्मा काढला. "सरांचा आणि माझ्या विषयाचा काय संबंध? पोरींले आवड आहे म्हणून त्या येतात." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तशा वर्गात झोपतात. चिखलाचे बूट घेऊन येतात. पण आवड आहे."

"तुम्हीच विचारून पाहा ना मॅडम. सकाळी ग्राउंडवर असतात सगळ्या."

बुधवारी सकाळी मॅडम खरंच आल्या! कडक स्टार्चच्या साडीत, काळ्या मातीच्या ग्राउंडवर, आयुष्यात पहिल्यांदा. मी सायकल स्टँडजवळून पाहत होती, मग राहवलं नाही, जवळ गेली. सर बेसजवळ वाकून एका पोरीले पाय कुठं ठेवायचा ते दाखवत होते. मॅडमनं आमची पिचर पल्लवी हिले बोलावलं.

"काय गं पल्लवी, तुमचे सर गेले तर तू पुढच्या वर्षी इथंच राहशील ना?"

पल्लवी फुलसावंगीची. तिच्या बॉलसारखीच तीही सरळ येते. "नाही मॅडम. सर नसले तर मी इथं कायले राहू? मले घराजवळ कॉलेज आहे."

"आणि गृहअर्थशास्त्र?"

"मॅडम, खरं सांगू? रागावणार नाही ना? तुमचं प्रॅक्टिकल दुपारी असते. सकाळ मोकळी मिळते म्हणून घेतलं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

मॅडमनं माझ्याकडे पाह्यलं. मी आभाळाकडे. मॅडम पदर खोचून ग्राउंडच्या बाहेर निघाल्या, आणि त्या चालीवरूनच मले कळलं की आज भाऊसाहेबांच्या घरी जेवताना विषय निघणार.

निघाला! काय बोलणं झालं ते मले माहीत नाही. पण गुरुवारी भाऊसाहेब आले ते केबिनमध्ये न जाता सरळ माझ्या टेबलाशी.

"गौरी, उद्या कार्यकारिणीची मीटिंग लाव. मुजीबचा विषय घे. तू लिहायले बस."

मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं काम माझं. मी पेन घेऊन बसली. एक जुने मेंबर, आम्ही त्यांले देशमुख काका म्हणतो, लगेच म्हणाले, "भाऊसाहेब, उद्या कबड्डीवाला मागंल त्याचं काय?"

मी खाली मान घातली. संपलं, म्हटलं.

आणि भाऊसाहेब गरजले, "कबड्डीवाला बारा महिने ग्राउंडवर दिसला का? नाही ना? दिसू द्या, त्यालेही देऊ! जो वर्षभर राबंल त्याले वर्षभराचा पगार, हा आपला नियम. अहो, आपण मंदिरातल्या पुजाऱ्याले पगार देतो की नाही?"

माझं वाक्य! माझंच वाक्य, जसंच्या तसं! मी मान वर केली नाही, पण पेन हातात नाचत होता. देशमुख काकांनी टेबलावर थाप मारली, म्हणाले, "मुद्दा आहे." ठराव पास. 'क्रीडा मार्गदर्शक' अशी संस्थेची स्वतःची पोस्ट, बाराही महिने पगार, दरवर्षी वाढ, रजा. पुण्याइतका पगार नाही, पण मुलीकडच्यांले मान वर करून सांगता येईल इतका. नव्या पोस्टची ऑर्डर हेडक्लार्कच काढतो, म्हणून ती डवले काकांनी टाईप करायची आणि शनिवारी स्टेजवर द्यायची. तोपर्यंत कोणी बोलायचं नाही, असं भाऊसाहेबांनी बजावलं. त्यांले सरप्राईज द्यायचं होतं.

आज शनिवार. मंडप, बँड, 'क्रीडामहर्षी'चं बॅनर, पोरी टीमच्या ड्रेसमध्ये पहिल्या रांगेत. सर स्टेजच्या मागं उभे होते, केशरी फेट्यात, चेहरा उतरलेला. मी ऑर्डरचं बंद पाकीट घेऊन तिथंच होती. मनात म्हटलं, सरप्राईज गेलं चुलीत, या माणसानं स्टेजवरून माईकवर 'मी चाललो' सांगितलं तर? दिलं पाकीट हातात.

सरांनी ऑर्डर वाचली. चेहरा उजळला. पुढं वाचली. आणि शांतपणे घडी घातली.

"मॅडम, हे अकरा महिन्यांचं आहे."

"काय?"

मी हिसकावूनच घेतली. खरंच! 'नियुक्ती अकरा महिन्यांसाठी. त्यानंतर एक महिन्याचा खंड.' तुम्हाले सांगते, कंत्राटी ऑर्डरमध्ये ही जुनी चाल असते. अकरा महिने द्यायचे, एक महिना घरी बसवायचं, पुन्हा नवी ऑर्डर काढायची. नोकरीत खंड पडला की माणूस कायम असल्याचा हक्क सांगू शकत नाही. डवले काकांनी जन्मभर अशाच ऑर्डरी काढल्या.

"बाराव्या महिन्यात पोरींनी काय करायचं?" सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "जाऊ द्या. तुम्ही खूप केलं."

तिकडं माईकवर सरांचं नाव पुकारणं सुरू. मी साडी सावरत स्टेजच्या मागच्या पायऱ्या चढली आणि भाऊसाहेबांच्या खुर्चीमागं जाऊन वाकली.

"भाऊसाहेब, ऑर्डरमध्ये अकरा महिने पडले."

"अकरा कुठून आले? आपण बारा ठरवले ना?"

"हो. ठरावात बारा आहेत, मी स्वतः लिहिले."

भाऊसाहेबांनी खालच्या रांगेकडे पाह्यलं. "डवले! इकडं या! हे अकरा कायले टाकले?"

काका स्टेजवर आले, पाहुण्यांसमोर, कपाळावर घाम. "साहेब... सवय."

"पेन द्या."

कोणाकडे पेन नाही! स्टेजवर एवढे प्राध्यापक बसले होते, एकाकडे पेन नाही! शेवटी माधुरी मॅडम खालून उठल्या, पर्समधून पेन काढला आणि स्टेजपर्यंत येऊन सासऱ्याच्या हातात दिला. भाऊसाहेबांनी 'अकरा' खोडून 'बारा' लिहिलं, बाजूले सही केली. ते 'खंड'वालं वाक्यही मी बोट ठेवून दाखवलं, तेही खोडलं, तिथंही सही. हे सगळं बँड थांबलेला असताना, हजार डोळ्यांसमोर.

मग भाऊसाहेब स्वतः माईकपाशी गेले आणि सरांच्या हातात ऑर्डर दिली. सरांनी उघडली. वाचली. या खेपेस घडी घातली नाही.

"मले भाषण येत नाही," सर म्हणाले. "पुण्याले आत्ता फोन करतो. येत नाही म्हणून सांगतो. पोरींनो, उद्या रविवार आहे, तरी प्रॅक्टिस आहे. सहाले."

पोरींनी असा गलका केला की बँडवाले घाबरून वाजवायलेच लागले! पल्लवी खुर्चीवर उभी, कोणी रडून राह्यलं, कोणी हसून राह्यलं, माधुरी मॅडम टाळ्या वाजवून राह्यल्या, आणि डवले काका माझ्या कानात म्हणाले, "पोरी, माह्यी पेन्शन व्हायच्या आधी हे एक चांगलं झालं."

तर मी शिकली काय? बरोबर काय आणि चूक काय, हे साहेबांले सांगून काही हलत नाही, निदान आमच्याकडे तरी नाही. एक माणूस गेला तर कोणाकोणाची खुर्ची डगमगते, ते त्या त्या खुर्चीवाल्याले दाखवा. तो स्वतःच उठतो. आणि ऑर्डर हातात आली की आनंदाच्या आधी महिने वाचा.

आता तुम्ही सांगा. तुमच्या ऑफिसात, शाळेत, कॉलेजात असं कोणी आहे का, ज्याचा सत्कार दरसाल होते आणि पगार कोणी विचारत नाही? तुम्ही त्याले थांबवू शकले का? की गेला तो?