दाढ भरेपर्यंत

आईची पिशवी भरून दाराशी ठेवली होती आणि त्याच सकाळी माझा डावा गाल सुजला. खालची शेवटून दुसरी दाढ बरेच दिवस अधूनमधून ठणकत होती. हंगाम संपला की बघू, म्हणत मी ती ढकलत आणली होती. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो. ऊस संपेपर्यंत तिथून हलता येत नाही. हंगाम संपला, मी रजा टाकली. ती रजा आईला मेढ्याजवळच्या आमच्या गावी सोडून यायला होती. दाढेने नेमका तो दिवस धरला.

आईला गावी सोडायचं माझ्या मनात नव्हतंच. मागच्या पावसाळ्यात ती घरामागच्या परड्यात घसरली, मनगट मोडलं, आणि शेजारीण येईपर्यंत तिथेच चिखलात पडून राहिली. वडील गेल्यापासून घरात ती एकटी. मी तिला सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. मनगट जुळलं, दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि होळीनंतर तिने एकच लावून धरलं: रोहिणी नक्षत्र निघायच्या आत मला गावी पोचव, तरवा टाकायचाय. तरवा म्हणजे भाताची रोपं. तो वेळेवर पडला नाही तर त्या वर्षी लावणी नाही, आणि लावणी नसेल तर तिला गावी राहायला कारण नाही. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

गावाऐवजी दवाखान्यात गेलो. दाढ काढायला फार वेळ लागला नाही. डॉक्टर तरुण होते, हात हलका होता. कापसाचा बोळा त्या जागी ठेवून त्यांनी माझं तोंड मिटवलं आणि बायकोकडे बघून सूचना दिल्या, कारण मला प्रश्न विचारता येत नव्हते. बोळा पाऊण तास दाबून धरायचा. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, थुंकी गिळायची. गरम काही नाही. स्ट्रॉने काही ओढायचं नाही. गालाला बाहेरून बर्फ, झोपताना उशीवर उशी. त्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, ती जागची हलता कामा नये. ती निघाली तर आतलं हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कळ उठते, ती पार कानापर्यंत जाते.

घरी आलो तेव्हा आई दाराशी पिशवीच्या शेजारीच बसलेली होती. माझ्या तोंडाकडे बघून ती उठली, पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"दाढ भरू दे तुझी. मग जाते," ती म्हणाली. "आसं टाकून कसं जाऊ?"

मी बोलू शकत नव्हतो. मनात मात्र लगेच हिशेब झाला. रोहिणी निघायला तीन आठवडे होते.

त्या दिवशी मला एका जागी बसवेना. बधिरपणा उतरला तसा गाल जड झाला, पण दुखण्यापेक्षा तोंडात रक्ताची चव होती आणि थुंकायचं नव्हतं, ते जास्त जाचक होतं. मी गॅलरीत जायचो, परत यायचो, आरशात बघायचो. गाठ दिसत नव्हती. तोंड तेवढं उघडत नव्हतं. जीभ राहून राहून तिकडे जायची, मी ती मागे ओढायचो.

"आवं, टेका की जरा," बायको म्हणाली. ती विट्याकडची, बोलायला तिखट. "खोलीची मापं घेताय का? आत्या, बघा तुमच्या पोराला. लग्नापासून पहिल्यांदा घर गप हाय, तर ह्यांचे पायच वाजायला लागले."

आई हसली. मला हसायची परवानगी आहे की नाही, हे विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून मी हसलो नाही.

संध्याकाळी आई चिमटीत काहीतरी धरून आली. "आ कर."

हळद होती. मी तोंड मिटून मान हलवली. तिने माझी हनुवटी धरली. मी दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं, मग आठवलं की हे तेच मोडलेलं, आणि सोडून दिलं.

"लहान हाईस व्हय? हळदीनं कुनाचं वाईट झालंय का आजवर? आन् ती बी सांगलीची हळद!"

मी मोबाइलवर डॉक्टरांनी दिलेल्या कागदाचा फोटो काढून तिच्यापुढे धरला, ज्याचा काही उपयोग नव्हता, कारण तिचा चष्मा पिशवीत बांधलेला होता. शेवटी बायकोने येऊन सांगितलं, "आत्या, भोकात काही घालायचं न्हाई म्हणून बजावलंय डॉक्टरनं. गाठ निघंल." आईने चिमटीतली हळद पुन्हा डब्यात टाकली आणि डब्याचं झाकण जरा जोरात लावलं. मग ती ओट्यापाशी गेली आणि तिथून हललीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर तिचं झालं. नाचणीची आंबील, पातळ, ताकातली, गार केलेली. मऊ भात हाताने कुसकरून, त्यावर कोमट वरण. तिच्या स्वतःच्या तोंडात मोजून सहा दात आहेत. गेले सात-आठ महिने ती आमच्याकडे जे देऊ ते मुकाट्याने खात होती आणि अर्धं ताटात ठेवत होती. आता ती माझ्यासाठी करायची आणि त्यातलंच स्वतः वाढून घ्यायची. दोघांनी मिळून पातेलं संपवायचो.

"उजवीकनं खा. लय मोठा घास घिऊ नगं."

मिठाच्या कोमट पाण्याची चूळ सुरू झाली. तीही खुळखुळवायची नाही. तोंडात घेऊन मान कलती करायची आणि पाणी आपोआप सांडू द्यायचं. बेसिनपाशी आई मागे उभी. चूळ झाली की ती मोबाइलचा उजेड माझ्या तोंडात टाकायची.

"काळं हाय अजून."

तिसऱ्या दिवशी मी दुपारभर कळेची वाट बघत होतो. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ते हेच. कानाकडे लक्ष ठेवून बसलो, गाल दाबून बघितला, परत गॅलरी, परत खुर्ची. कळ आली नाही. संध्याकाळी खड्ड्याच्या कडेला पांढरट काहीतरी दिसलं, तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. पू नाही ना, म्हणून. ते म्हणाले, दुखत नाही, वास नाही, मग ते भरतंय. असंच चालू ठेवा.

असंच चालू ठेवायचं म्हणजे काय, हे मला त्या वेळी नीट कळलं. मी सूचना पाळतो. काटा दाखवेल तो आकडा लिहायचा, गाडीवाला ओळखीचा असो की नसो, ही माझी सवय. तोंडाच्या बाबतीतही मी तसाच वागत होतो: गोळ्या वेळेवर, चुळा वेळेवर, ब्रश त्या जागेपासून लांब. त्यामुळे दाढ झपाट्याने भरत होती. आणि ती जितकी भरत होती तितकी आईची पिशवी दाराकडे सरकत होती.

बायकोला हे माझ्याआधी कळलं असावं. आई देवळात गेली होती तेव्हा ती म्हणाली, "अजून ठणकतंय म्हणा की."

"ठणकत नाही."

"तेच म्हणते मी. तोंड तुमचं, दुखणं तुमचं. कोण बघायला येतंय? अजून दोन आठवडे काढलेत तर यंदाचं गावचं टळतंय. परत कुठं पडल्या, तर शेजारीण काय रोज परड्यात येतीय का?"

 तिचं चुकत नव्हतं.

मला मात्र आणखी एक गोष्ट सलत होती, आणि ती मी बायकोला सांगितली नव्हती. आईचा रक्तदाब मी रोज सकाळी यंत्रावर घ्यायचो. गोळी चालू असूनही वरचा आकडा दीडशेच्या खाली कधी टिकत नव्हता. माझी दाढ काढल्यापासून तो उतरायला लागला. एकशे चव्वेचाळीस, मग अडतीस, मग चौतीस. मला आधी पट्टा सैल वाटला. मग मी माझ्या दंडाला लावून बघितला. यंत्र ठीक होतं. मिठात बदल नाही, गोळीत बदल नाही. बदल एकच होता, सकाळी उठून ती माझी आंबील करत होती. हा आकडा मला गैरसोयीचा होता. तो तिच्या गावी जाण्याच्या बाजूने बोलत होता असं मला वाटायचं, आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं की नाही, तो तिने इथेच राहावं म्हणून बोलतोय, फक्त तिला इथे काम हवं. दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा आकडा मला आवडत नाही. त्या दिवसांत मी चहा गार करून प्यायचो आणि तोही अर्धा ठेवून उठायचो.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी बोलावलं होतं. त्यांनी बघितलं, बोट फिरवलं, म्हणाले, "छान. हिरडी जवळपास मिटलीय."

मी विचारलं, "पूर्ण बरी कधी म्हणायची?"

"वरून झालीच. आतलं हाड भरायला चार-पाच महिने लागतात, पण त्याचं तुम्हाला काही करायचं नाही. जेवा आता दोन्हीकडून."

मी स्कूटरपाशी बराच वेळ उभा राहिलो. माझ्याकडे आता दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती. दाढ भरली, हेही खरं. दाढ भरायला अजून चार-पाच महिने आहेत, हेही डॉक्टरांच्याच तोंडचं. दुसरं उत्तर दिलं तर मी खोटं बोललो असं कुणालाच म्हणता आलं नसतं. रोहिणी निघून गेली असती, लावणी निघून गेली असती. मी घरी जाताना नेहमीचा रस्ता सोडून लांबून गेलो.

आई गॅलरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. "काय म्हनला?"

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. आणि मग मला एकच एक उत्तर देता आलं नाही. दोन्ही सांगून टाकली: वरून भरली, आत हाड भरायला चार-पाच महिने लागतात.

तिने हातातली शेंग फोडली. "मग? हाड भरस्तवर मी काय कोंबडी हाय व्हय, वर बसून ऊब द्यायला?"

आतून बायकोचं हसू ऐकू आलं, आणि मग तिनेच ते थांबवलं.

"आई, परत पडलीस तर?"

"पडले तर पडले म्हनून फोन करीन. हितं काय, फरशीवर घसरत न्हाई का मानूस?" तिने मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "आ कर."

मी तोंड उघडलं. उजेड नीट होता, मोबाइल लागला नाही. तिने वाकून बघितलं, बोटाने माझा ओठ बाजूला केला, आणि चार सोललेले शेंगदाणे माझ्या तळहातावर ठेवले. "डावीकडनं खा. बघू."

मी डावीकडून खाल्ले. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी कराड, सातारा करत आम्ही दुपारी गावी पोचलो. शेजारणीने पालापाचोळा जाळून तरव्याची जागा भाजून ठेवली होती. मी परड्यातली शेवाळलेली फरशी घासली, तिथे बांबूचा आडवा दांडा ठोकला, रक्तदाबाचं यंत्र भिंतीतल्या फळीवर ठेवलं आणि कुठलं बटण दाबायचं ते आईला दोनदा दाखवलं.

"कळलं. तू हाड भरलं का सांग दिवाळीला. भात काढून येते बघायला."

आता रोज संध्याकाळी मी फोन करतो. आधी ती विचारते, "दाढ?" मी म्हणतो, बरी आहे. मग मी विचारतो, आज किती आलं? ती म्हणते, "एकशे तीस."

पहिले चार दिवस मला बरं वाटलं. पाचव्या दिवसापासून मी अस्वस्थ आहे. रोज एकशे तीस. वर नाही, खाली नाही. असं कुठलंच यंत्र दाखवत नाही, आणि कुठल्याच माणसाचं शरीर तसं चालत नाही. काट्यावर सलग दोन गाड्यांचं वजन सारखं आलं तरी मी खाली उतरून बघून येतो. बायको म्हणते, विचारा की सरळ. विचारत नाही. परवा फक्त म्हणालो, "आई, रोज एकच कसं गं येतं?"

"चांगलं हाय की मग," ती म्हणाली आणि तरव्याचं सांगायला लागली. बोटभर उगवून आलाय.

काल म्हणाली, एकशे बत्तीस.

म्हणजे ती आता खरंच मोजते आहे, किंवा माझ्यासाठी आकडा बदलते आहे. कालपासून मी एवढंच ठरवू बघतोय.