ओढ्यातली नऊ पाखरं

कोंडाबाई रोज दिवस उगवायला ओढ्याच्या कडेला चपला काढून ठेवायची. पाचोळा वाजू नये म्हणून. मागं शेळ्या थांबायच्या. खाली करवंदीच्या जाळीतून बारीक, थरथरता आवाज आला, की मगच ती चपला घालून माळाला लागायची.

पाखरू अंगठ्याएवढं, मातकट, शेपटी सदा वर. धाराशिवकडच्या वाशी गावाच्या वरच्या डोंगरात कोंडाबाईचा सगळा जन्म गेला. लहानपणी हे पाखरू प्रत्येक ओढ्यात होतं. मग झाडी गेली, ओढे उघडे पडले. दोन वर्षांमागं अर्पिता नावाची पाखरांचा अभ्यास करणारी मुलगी आली, महिनाभर हिंडली आणि म्हणाली, "मावशी, आता या एकाच ओढ्यात उरलीत. नऊ."

तेव्हापासून कोंडाबाईच्या मनात भीती बसली. घार फिरली की ती काठी उगारायची, मांजर दिसलं की हात धोंड्याकडं जायचा. नवरा, सिदू, हसायचा. "म्या रातभर खोकतो ते तुला ऐकू येत न्हाय. पाखराला मातर कान!"

"खोकणाऱ्यांनी गाव भरलंय," ती म्हणायची. "ती नऊच हायेत."

खरी भीती फाल्गुनाची. फाल्गुनात लोक उतारावरचं वाळलं गवत पेटवतात. मागनं कोवळा फुटवा येतो, शेळ्यांना चारा होतो. आजोबा-पणजोबांपासूनचा हा रिवाज तिच्या सांगण्यानं थोडाच थांबणार? म्हणून यंदा तिनं ठरवलं, इतरांच्या आधी आपणच ओढ्याच्या काठानं चार हात रुंद पट्टा जाळून घ्यायचा. वरून आग आली तरी तिथं तिला खायला काही मिळणार नाही.

दव होतं, वारा पडलेला. कोंडाबाईनं काडी ओढली. सिदू हिरव्या फांदीनं कडा झोडपत गेला. पट्टा नीट जळला, विझलाही. गवतातल्या रानगोवऱ्यांचा मात्र दोघांनाही विसर पडला. गवत विझतं, शेण आतून धुमसत राहतं. ऊन चढलं, वारा सुटला आणि लाल झालेली एक गोवरी गडगडत थेट जाळीत गेली.

"कोंडे, थांब!" सिदू ओरडला.

ती केव्हाच खाली उतरली होती. आधी हातांनी, मग पायांनी, शेवटी पदरानं ती आग विझवत राहिली. पदर पेटलेला तिला कळलाच नाही.

धाराशिवच्या दवाखान्यात तिनं स्वतःबद्दल काही विचारलं नाही. डोळे मिटले की जाळी दिसायची, आणि जाळीत आवाज नसायचा. तिसऱ्या दिवशी सिदू आला.

"वढ्याकडं गेला व्हता?"

"व्हय. दोन दिस काय न्हाय. आज वरडलं."

"खोटं. करून दाखवा."

सिदूनं शेजारच्या खाटेवरच्या बाईकडं बघितलं, लाजला, ओठांचा चंबू केला. दोनदा तुटक शीळ, मग लांब थरथर. हे त्याला मनानं रचता आलं नसतं.

"किती हायेत?"

सलाईनच्या थेंबांकडं बघत तो म्हणाला, "एकच."

एक. त्या एकट्याला आता जाळीतून उत्तर कोण देणार? दुसऱ्या दिवशी तिची शुद्ध गेली, ती परत आली नाही. त्याआधी सिदूशी ती शेवटचं बोलली ते एवढंच.

"जावा आता, बस चुकंल. काळ्या शेळीची कास दुधानं तटली असंल."