साळवेच्या वहीतली जहाजं

रूथचा फोन आला तेव्हा मी मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनचा जिना चढत होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. तिच्या मागे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधला गलका ऐकू येत होता... मी तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो. लोक "भाईसाहब, साइड" म्हणत बाजूने जात होते. प्रभाकर साळवेला जाऊन आता दीड महिना झाला. त्याच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, म्हणून इतके दिवस टाळलं.

आम्ही दोघं एकाच आठवड्यात दिल्लीत नोकरीला लागलो. व्यापारी जहाजांचं आणि खलाशांचं कामकाज पाहणारं एक सरकारी कार्यालय. तो नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातला, मी सांगलीचा, आणि आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर मिळालं तेही शेजारच्या जिन्यात. समुद्र आम्ही दोघांनीही धड पाहिलेला नव्हता. साळवेला वाचनाचं वेड, पण एकाच जातीच्या पुस्तकांचं. परदेशातल्या कुठल्याशा टीव्ही मालिकेवर बेतलेल्या इंग्रजी कादंबऱ्या. मालिका कधीच संपली होती, तरी तिच्यातल्या अंतराळयानांच्या कथा वेगवेगळे लेखक पुस्तकांतून पुढे चालवत होते. दर रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवरून तो त्या पिवळ्या पडलेल्या प्रती शोधून आणायचा. त्या अंतराळयानांना तो यानं म्हणत नसे, जहाजंच म्हणे. कथेतल्या माणसांची नावंही त्याला नीट आठवत नसत. त्याला एकच पाहायचं असायचं... कुठल्या जहाजाचं शेवटी काय झालं.

त्याची एक वही होती, उभ्या रेघा आखलेली. जहाजाचं नाव, कुठल्या पुस्तकात शेवटचं दिसलं, आणि शेवट. 'स्फोट', 'शत्रूच्या ताब्यात', 'मोडीत काढले' अशा त्याच्या बारीक अक्षरातल्या नोंदी. काही जहाजांना लेखक विसरूनच जात. 'लाँग पेशन्स' नावाचं एक जहाज दुसऱ्याच्या मदतीला निघतं आणि पुढच्या चार पुस्तकांत त्याचा उल्लेखच नाही. साळवेने प्रकाशकाला पत्र लिहिलं. आवडीबद्दल आभार मानणारं छापील कार्ड आलं. "दोनशे माणसं होती त्याच्यावर," तो मला डबा खाताना म्हणाला, "आणि हे आभार मानतायत." मी हसलो. म्हटलं, "मग बेपत्ता लिही आणि मोकळा हो." तो हसला नाही. "बेपत्ता म्हणजे काय यार? जहाज कुठेतरी असतंच. आपल्याला कळलेलं नसतं, एवढंच." आणि त्याने शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं, 'कळले नाही'.

पुढे मी सेक्शन ऑफिसर झालो, तो माझ्या हाताखाली आला. आमच्यात त्यावरून कधी काही आलं नाही. आलं ते एका फाइलवरून. एक मालवाहू जहाज वादळानंतर दिसेनासं झालं होतं. अवशेष नाहीत, तेलाचा तवंग नाही, काही नाही. खलाशांचे नातेवाईक ऑफिसात येऊन बसायचे. त्यांच्यात गाझियाबादच्या सरोजजी होत्या. त्यांचा मुलगा पवन इंजिनरूममध्ये होता. त्या दर महिन्याला यायच्या, साळवेच्या टेबलासमोर बसायच्या आणि "कुछ आया?" विचारून निघून जायच्या. बाकीच्या घरांना मात्र कागद हवा होता, मृत्यूचा दाखला हवा होता. वरूनही घाई होती. मी साळवेला नोट तयार करायला सांगितलं, जहाज बुडालं असं मानावं आणि प्रकरण बंद करावं. तो म्हणाला, "एका बंदराकडून उत्तर यायचंय अजून."

"येऊन येऊन काय येणार आहे, साळवे?"

"ते मला नाही माहीत. पण विचारलंय आपण. उत्तर येईपर्यंत थांबायला हवं."

त्याने नोट लिहिली नाही. मी स्वतः लिहिली, सही केली, आणि महिन्याभरात त्याची दुसऱ्या सेक्शनला बदली होईल असंही पाहिलं. मला त्याच्या टेबलासमोरून रोज जाणं जड जात होतं, हे खरं कारण. दोन महिन्यांनी बंदराचं उत्तर आलं, काही आढळले नाही. मी ते त्याला दाखवायला घेऊन गेलो, जणू मी जिंकलोच होतो. त्याने कागद वाचला, परत दिला आणि म्हणाला, "अच्छा. आलं ना उत्तर." त्यानंतरही आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांकडे जेवलो, रूथच्या लग्नात मी मांडवाची व्यवस्था पाहिली. पण त्या फाइलचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही नाही.

प्रार्थनासभेनंतर रूथने ती वही माझ्यासमोर ठेवली. दिल्लीत वाढलेली मुलगी, बोट ठेवून विचारत होती, "काका, मोडीत काढले म्हणजे?" मी सांगितलं. मग ती म्हणाली, "आणि ये सरोज आंटी कोण? त्यांचा फोन आला होता, साळवे साहब दो संडे से नहीं आए म्हणून. मी बाबा गेल्याचं सांगितलं तर त्यांनी फोनच ठेवून दिला."

मी गाझियाबादला गेलो. पहिल्या मजल्यावरची छोटी खोली, खिडकीपाशी एक खुर्ची. सरोजजींनी मला ओळखलं नाही. मी साळवेचा मित्र आहे म्हटल्यावर त्यांनी मला त्या खुर्चीवर बसवलं नाही, पलंगावर बसवलं. तो रिटायर झाल्यापासून एक रविवार आड यायचा. येताना पुस्तक आणायचा आणि जहाजांच्या गोष्टी हिंदीत करून सांगायचा. "मैं पूछती थी, डूबा या नहीं डूबा, सीधे बताओ। वो सीधे बता देते थे," त्या म्हणाल्या. "कभी-कभी कहते, लिखने वाले ने बताया ही नहीं।" सुरुवातीला मात्र त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा. कारण पहिल्याच भेटीत बसून त्याने सांगितलं होतं की फाइल बंद करण्याच्या कागदावर सही त्याची स्वतःची होती.

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. का सांगितलं असेल त्याने असं? मला वाचवायला? मला शोधत त्या कधी येणारच नव्हत्या. कदाचित त्यांना राग काढायला समोर एक माणूस हवा होता आणि तो जाऊन उभा राहिला... मला खरंच माहीत नाही. मी म्हणालो, "माताजी, वो दस्तख़त मेरे थे। उन्होंने तो मना किया था।"

 त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा कप उचलत त्या म्हणाल्या, "वो भी ऐसे ही बैठकर बोले थे। अब आप दोनों में से किसकी मानूँ?"

 फाइल कधीच नष्ट झालेली, आणि साळवे आता हयात नाही. निघताना मी चपला घालत होतो तेव्हा त्यांनी खिडकीतला पडदा सरकवला, खुर्चीवर ऊन आलं. पाठीला अडकवलेला साळवेचा राखाडी मफलर तसाच होता, थंडीत विसरून गेलेला. मी तो रूथसाठी नेऊ का, म्हणून हात पुढे केला. सरोजजींनी माझा हात नुसता बाजूला केला आणि म्हणाल्या, "रहने दीजिए।"