आत्याचा डावा गुडघा

माझ्या धाकट्या आत्याइतकं सफाईनं खोटं बोलणारं माणूस आमच्या घरात दुसरं नाही. "गुडघा दुखतोय का?" असं विचारलं की "छे!" म्हणून लगेच विषय बदलायचा. त्या डाव्या गुडघ्यापायी तिचं मोठ्या आत्याकडे जाणं तीन वर्षांपासून बंद होतं. मोठी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांमुळे तिलाही खाली उतरवत नाही. दोघी फोनवर भांडायच्या, पण फोनवर भांडण रंगत नाही, असं दोघींचंही मत.

धाकटी एका कारखान्यात नी-कॅप शिवते. कापडातच वीज वाहून नेणारा बारीक धागा असतो. पाय वाकडा पडला की नी-कॅप थरथरते, सांधा आखडला की ऊब देते. तिथल्या मॅडमनी एक नमुना आत्याला आठवडाभर वापरायला दिला. दुखणं कळलं तर घरी बसवतील, या भीतीनं आत्यानं तो चढवला धडधाकट उजव्या गुडघ्यावर!

आठवड्यानं मॅडम नी-कॅपनं नोंदवलेले आकडे बघून हरखल्या. "मावशी, एकदाही थरथरली नाही! पंचविशीतला गुडघा आहे तुमचा. उद्यापासून शंभर नग शिवायला घ्या. पहिला तुमच्या ताईंना, मागितला होतात ना?"

ताईचं नाव निघालं आणि आत्याचा चेहरा पडला. दुखऱ्या पायावर ही वस्तू कशी वागते, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं सरळ डावा पाय स्टुलावर ठेवला.

"मॅडम, मी फसवलं तुम्हाला. दुखतो तो हा. आता ठेवा नाहीतर काढा."

मॅडम आधी चिडल्या, मग हसल्या. "अहो, दुखराच गुडघा हवा होता मला!"

डाव्या पायावर धागा तिसऱ्याच दिवशी तुटला. आत्यानं शिवण उसवून तो सैल, नागमोडी घातला. मग वाकताना ताण बसेना. हे तिनं मला आतापर्यंत चारदा ऐकवलंय.

महिनाभर व्यायाम करून ती मोठीकडचा जिना चढली. मोठीची नी-कॅप घेऊन मी मागे. पायातली नी-कॅप थरथरली की आत्या तिलाच दटावायची, "कळलं गं, सरळ टाकते!"

मोठीनं दार उघडलं.

"दुखतंय का गं?" मोठीनं विचारलं.

"छे" आत्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. "दुखतंय," ती म्हणाली. "खूप."

"माझं जास्त दुखतं," मोठी म्हणाली, आणि दोघी दारातच भांडायला लागल्या.