कबुतरी चावडीपुढं थांबली

समजा, घोडीला नुसतं उभं राहायला तुम्हाला शिकवायचंय. खुंटा नाही, दोर नाही. स्वार उतरून आत गेला की तिनं तिथंच थांबायचं, आणि तो परत पाठीवर बसेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. कसं शिकवाल? मुंजाजी आधी पुढचे पाय सैल बांधायचा. घोडी स्थिर राहिली की तळहातावर गुळाचा खडा धरायचा. मग हळूहळू दोर सुटायचा, गूळही बंद व्हायचा. घोडी उभीच.

जिंतूरच्या वेशीबाहेर किशनरावांच्या तबेल्यात त्यानं सगळी जनावरं अशीच तयार केली होती. निजामाच्या अमलात गिरदावर, अमीन असे सरकारी अंमलदार दौऱ्यावर निघाले की घोडे इथूनच भाड्यानं जायचे. गावोगाव साहेब चावडीपुढं उतरायचे, आत वसुलीचं बोलणं चालायचं आणि बाहेर घोडं पुतळ्यासारखं. पुढं पुढं तर चावडी दिसली की जनावरं आपणहून थांबायला लागली. अंमलदार मुंजाजीच्या हातचं घोडं मागून घ्यायचे.

पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं. साहेब लोक जीपमधून फिरायला लागले, मग गावांना एसटी आली. दावण रिकामी होत गेली. उरली एक करड्या रंगाची कबुतरी. किशनरावांनी सांगून टाकलं, "लग्नात चालली तर ठिवू. न्हाईतर सोनपेठच्या बाजारात."

मग मुंजाजीची बायको बायनाबाई रोज कबुतरीच्या कानाशी पत्र्याचा डबा बडवायला लागली. "आपल्या लग्नात बी एवढं वाजलं नव्हतं," ती म्हणायची. कबुतरी बुजेनाशी झाली. मुंजाजीला वाटलं, झालं काम. चावडीचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. ती काही खोड नव्हती. ते तर त्यानंच शिकवलेलं शहाणपण.

पहिलं लग्न जवळच्याच गावातलं, आबासाहेबांच्या मुलाचं. नवरदेव कबुतरीवर बसून मारुतीला निघाला. मारुती येईपर्यंत त्यानं घोडीवरून उतरायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. वाट चावडीपुढून होती. चावडी आली आणि कबुतरी थांबली.

वाजंत्री पुढं निघून गेले. मुंजाजीनं लगाम ओढला, मान थोपटली, कानात काहीबाही सांगितलं. घोडी हलेना.

"आरं, नवरदेव आणलाय का गिरदावर?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"वसुली झाल्याबिगर न्हाई जायची ती!"

हशा पिकला. आबासाहेब हसले नाहीत. "काय करायलीय ही?"

"मालक, नवरदेवानं एकदा उतरून परत बसावं. लगेच चालंल."

"अर्ध्या वाटंत उतरवू? तुज्या घोडीपायी पोराच्या संसाराला खोट लावू?"

मुहूर्त जवळ आला तसं चौघांनी नवरदेवाला अलगद उचलून खांद्यावर घेतलं. मुंजाजी हात जोडून आडवा आला. "आता बसवा मालक, आता चालती बघा!"

"त्या अवलक्षणीवर? हट बाजूला."

वरात गेली. कबुतरी रिकाम्या पाठीनं चावडीपुढं उभी. शेवटी मुंजाजी स्वतःच तिच्यावर चढला, तेव्हा ती शहाण्यासारखी चालू लागली.

ही गोष्ट गावोगाव पोचायला वेळ लागला नाही. कबुतरीला पुन्हा कुणी विचारलं नाही. किशनरावांनी सोनपेठच्या एका व्यापाऱ्याशी व्यवहार ठरवला. त्याचा माणूस तिला न्यायला आला, तेव्हा मुंजाजीनं दोर हातात देता देता बजावलं, "चावडीपुढं थांबली तर मारू नका. उतरायचं आन् परत बसायचं, बास."

"बसतंय कोण? आमी गोण्या लादणार हाव," तो म्हणाला आणि चालता झाला.

तबेल्यात आता किशनराव कडबा रचतात आणि मुंजाजी तो उचलायला जातो. सोनपेठकडची एसटी आली की हातातलं काम टाकून रस्त्यावर येतो, उतरणाऱ्यांना करड्या घोडीचं विचारतो. कुणी पाहिलेली नसते. घरी आला की बायनाबाईला तेच ते विचारतो:

"गोणी काय उतरती का, आन् परत चढती का? मग चालायचं कवा, हे तिला कसं कळत आसंल?"